पैसे भरण्याआधी आयएसएसएन तपासा

"मॅडम, हे जर्नल स्कोपसमध्ये आहे ना?" असं विचारत कुणी मोबाइल पुढे धरला, की मी आधी आयएसएसएन, म्हणजे त्या जर्नलचा ओळख क्रमांक, मागते. स्कोपस ही संशोधन जर्नलांची निवडक सूची आहे, पण तिचा लोगो कुणालाही चिकटवता येतो. आमच्या कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापिकेने असाच लोगो पाहून फी भरली, पेपर आठवड्यात छापूनही आला, आणि बढतीच्या फाइलवर तो बाद झाला. एका जुन्या, नावाजलेल्या जर्नलचं नाव चोरून उभी केलेली ती नक्कल साइट होती. तिची दोन वर्षांची मेहनत होती त्यात. मला आजही वाईट वाटतं.

तर, आयएसएसएन आठ स्थानांचा असतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'चा क्रमांक घ्या: ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. बेरीज ९३. तिला ११ ने भागल्यावर बाकी ५, आणि ११ मधून ५ गेले की ६. शेवटचा अंक ६ च आहे. (वजाबाकीत १० आले तर तिथे एक्स लिहितात, बाकी शून्य असेल तर शून्य.) मनाने रचलेला क्रमांक बहुधा इथेच सापडतो.

चोराने खराच क्रमांक उचलला असेल, तर मात्र हे गणित जुळणारच. म्हणून तो क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर टाका आणि नाव, देश जुळतात का पाहा. मग स्कोपसचं सोर्सेस हे पान उघडा. त्याला वर्गणी लागत नाही. तिथेही नावाने शोधू नका, क्रमांकानेच शोधा, कारण एकसारख्या नावांची जर्नल्स पुष्कळ आहेत. कव्हरेजची वर्षं नीट वाचा. जर्नल पूर्वी घेतलेलं आणि नंतर वगळलेलं असेल, तर तसं तिथे लिहिलेलं असतं. वेब ऑफ सायन्स या अशाच दुसऱ्या सूचीसाठी, ती चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची मास्टर जर्नल लिस्ट पाहा. जर्नलमधल्या पेपरांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टरही क्लॅरिव्हेटचाच खरा. मिळत्याजुळत्या नावांचे बाकीचे आकडे सोडून द्या.

पेपर पाठवताना ईमेलमधून आलेली लिंक वापरू नका. प्रकाशकाच्या मूळ साइटवरूनच जर्नलपर्यंत जा. शंका उरलीच, तर तिथल्या एखाद्या छापून आलेल्या पेपरचा डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा. तो उघडलाच नाही किंवा भलत्याच पेपरवर गेला, तर तिथे एक रुपयाही भरू नका.

मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांसाठी २००३ पासूनची डीओएजे ही सूची आहे. फी किती, परीक्षण कसं होतं, हे तिथे आधीच कळतं.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांची मंडळी अजून "केअर लिस्टेड आहे" म्हणत येतात. केअर ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची यादी. यूजीसीने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता निकष विद्यापीठं आणि कॉलेजांनी ठरवायचे आहेत. तेव्हा जर्नल निवडण्याआधी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक मागा, तोंडी उत्तरावर थांबू नका, आणि त्याची प्रत फाइलला लावून ठेवा.