थंडीत स्टार्टर अडखळतो तेव्हा: मीटर लावण्याआधीची तयारी

विमान दुपारी ठणठणीत, आणि डिसेंबरातल्या सकाळी प्रोपेलर अर्धा फेरा मारून थबकतो. निफाडकडे पारा घसरला की नाशिकात ही तक्रार आलीच समजा. ऑइल घट्ट झालेलं, गारठ्यानं बॅटरीचा जोर उतरलेला, त्यात स्टार्टर जास्त करंट ओढतो; एरवी झाकून राहिलेला खराब जोड तेव्हा उघडा पडतो. लगेच नवी बॅटरी मागवायची घाई होते. ती बसवली की चार दिवस बरंही वाटतं, म्हणून तर हा खर्च पुन्हा पुन्हा होतो.

मोजायचं काय, हे आधी डोक्यात पक्कं हवं: करंट वाहत असताना बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या वाटेत किती व्होल्ट गळतात ते, म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. ड्रिपवर द्राक्षबाग करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. व्हॉल्व्ह बंद असताना पाइपच्या दोन्ही टोकांचे गेज सारखंच प्रेशर दाखवतात, मध्ये कचरा अडकलेला असला तरी. पाणी सोडलं की शेवटच्या गेजचा काटा पडतो. तारेचंही तसंच. एखाद्या जोडात 0.01 ओहम रोध असेल, तर 10 अँपिअरच्या दिव्याला 0.1 व्होल्टचा फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच जोडातून स्टार्टरचे 200 अँपिअर गेले की 2 व्होल्ट तिथेच संपले, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतला सहावा हिस्सा. आणि हे 0.01 ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर शोधू नका. त्याच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो.

तेव्हा आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा. 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी सकाळी 12.6 च्या आसपास असावी, 24 वाली 25 च्या वर. लोड टेस्टही (भार टाकल्यावर बॅटरी किती टिकते ते पाहणं) उरकून घ्या. बॅटरीच मेलेली असेल तर पुढची सगळी मापं फुकट. ग्राउंड पॉवर (बाहेरून जोडायचा वीजपुरवठा) लावू नका, तिच्यामुळे दोष झाकला जातो. त्या विमानाच्या सिरियल नंबरला लागू होणारा वायरिंग डायग्राम काढून ठेवा, मीटरची कॅलिब्रेशनची तारीख पाहा आणि पायलटला नीट विचारा: तक्रार कधी, थंड इंजिनावर की गरम, कोणते दिवे चालू होते.

बॅटरी शेपटीकडे किंवा मागच्या सीटखाली असेल तर पाच-सहा मीटरची वायर आणि मगरी क्लिप लागतील. वायर बारीक चालते, कारण मीटर नावापुरताच करंट घेतो. नव्या पोरांना हे पटत नाही.

सुरक्षेत मात्र हयगय नको. चाकांना चॉक, फ्युएल बंद, मिक्स्चर कट-ऑफ, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) ऑफ, प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढलेला, लीड्स बांधून ठेवलेल्या. एव्हिऑनिक्स (रेडिओसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं) बंद. क्लिपा आधीच लावून वायर कॉकपिटपर्यंत आणायची, म्हणजे प्रोपेलरजवळ कुणी उभं राहायलाच नको. क्रँकिंग (स्टार्टरनं इंजिन फिरवणं) काही सेकंदांचं, मग स्टार्टर गार होऊ द्यायचा.

मग मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलवर. क्रँक करताना दिसेल तेवढी त्या वाटेतली गळती. जास्त वाटली तर वाट तोडत जा: केबल, मास्टर कॉन्टॅक्टर, स्टार्टर कॉन्टॅक्टर (मोठा करंट चालू-बंद करणारे रिले), प्रत्येक लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड). क्लिप लगवर नव्हे, खुद्द पोस्टवर लावा, नाहीतर पहिलाच जोड मापातून निसटतो. पायपरच्या जुन्या चेरोकी विमानांत अ‍ॅल्युमिनियमच्या केबल आहेत. त्यांच्या टोकांवर संशय घ्यायला अजिबात लाजू नये.

निम्मे लोक इथेच थांबतात. परतीची वाट तेवढीच महत्त्वाची: इंजिनच्या केसपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. इंजिन रबराच्या माउंटवर बसतं, म्हणून करंट परतायला अर्थ स्ट्रॅप लागतो. तो गंजला की करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते. पावसाळ्यानंतर हा स्ट्रॅप सोडवून, घासून पाहिलाच पाहिजे.

बाकीच्या उपकरणांसाठी एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) एसी 43.13-1B या मार्गदर्शक पत्रकातला हिशेब कागदावर लिहून ठेवा: बसपासून (सगळ्या उपकरणांना वीज वाटणारी पट्टी) उपकरणापर्यंत 14 व्होल्टच्या सिस्टिमला सतत चालणाऱ्या लोडवर जास्तीत जास्त 0.5 व्होल्ट गळती, थोडा वेळ चालणाऱ्यावर 1 व्होल्ट. 28 व्होल्टच्या सिस्टिमला हेच आकडे 1 आणि 2. स्टार्टरची मर्यादा मात्र मॅन्युअलमधूनच घ्या.

गळती नेहमी कमी व्होल्टेजच दाखवते असं नाही. बऱ्याच सेसना विमानांत अल्टरनेटरचं व्होल्टेज राखणाऱ्या रेग्युलेटरला मास्टर स्विचच्या अल्टरनेटरकडच्या अर्ध्या भागातून आणि ब्रेकरमधून सप्लाय जातो, आणि बसचं व्होल्टेज तो त्याच वायरवर जोखतो. तिथे अर्धा व्होल्ट गळला की त्याला बस कमी वाटते, तो जोर वाढवतो, आणि बॅटरी उकळायला लागते. अँमीटरचा काटा थरथरत असेल तर अल्टरनेटर काढण्याआधी तो स्विच मोजा.

दुरुस्तीनंतर तीच मापं, त्याच ठिकाणी, पुन्हा. आधीचे आणि नंतरचे आकडे लॉगमध्ये लिहायचे, सही परवानाधारक इंजिनिअरची. काउलिंग (इंजिनवरचं झाकण) बंद करण्याआधी क्लिपा मोजा. एक हमखास आत राहते.