अर्धशिशी एकट्या कारणाने उठत नाही: दिवसाचा ‘लोड’ कसा ओळखावा

मे महिन्यातली दुपार. घरातले दोन्ही कूलर सुरू, फ्रिज सुरू, टाकी भरायला मोटर लावलेली. तेवढ्यात कुणीतरी इस्त्रीचं बटण दाबतं आणि एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. नागपुरात राहणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. लगेच घरभर विचारणा होते, इस्त्री कुणी लावली? पण तीच इस्त्री जानेवारीत रोज चालत होती आणि तेव्हा काहीच होत नव्हतं. एमसीबी पडला तो त्या वेळी लाइनवर असलेल्या सगळ्या लोडमुळे.

मायग्रेनचं, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात अर्धशिशीचं, असंच असतं. हे समजायला मला बारा वर्षं लागली. तोवर माझ्या घरात प्रत्येकाचं एकेक कारण ठरलेलं होतं. आई म्हणायची, “उन्हात काहून गेली होतीस?” सासूबाईंचा रोख तर्रीवर, म्हणजे पोह्यांवरच्या तिखट रश्श्यावर, होता, नवऱ्याचा मोबाइलवर. मी एकेक गोष्ट सोडत गेले आणि डोकं दुखतच राहिलं, कारण मी एकच गुन्हेगार शोधत होते. पुढे जे लिहिते आहे ते त्या बारा वर्षांत मला कुणी सांगायला हवं होतं, असं वाटणाऱ्या गोष्टी आहेत.

आधी निदान करून घ्या

बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणका, जिना चढला की तो वाढणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं, आणि औषध न घेतल्यास 4 ते 72 तास टिकणं, अशी मायग्रेनची ओळख आहे. असे किमान 5 झटके येऊन गेले असतील तर डॉक्टर मायग्रेनचं निदान करतात. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा दिसतात. त्याला ऑरा म्हणतात आणि तो साधारण 5 ते 60 मिनिटं राहतो. ऑरा असणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगावं, कारण या दोन्हींमुळे मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो.

काही वेळा मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. क्षणार्धात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि आखडलेली मान. हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने आलेली डोकेदुखी. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक: उन्हातून आल्यावर अंग भट्टीसारखं तापलेलं आणि माणूस बरळतो आहे, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे अंधाऱ्या खोलीत झोपवून वाट पाहू नये. अंग थंड करायला लागा आणि लगेच रुग्णालयात न्या.

इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी कशा भिडतात?

ऊन, उपास, जागरण, पाळी, भांडण, अगरबत्तीचा वास. यांचा एकमेकांशी संबंध काय, असं मला फार दिवस वाटायचं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. झोप, भूक, तहान, शरीराचं तापमान, संप्रेरकं, या सगळ्यांचा हिशेब तो ठेवतो. झटका सुरू होण्याआधीच्या काळात या भागाचं काम बदललेलं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. त्यातच मायग्रेन असलेल्यांचा मेंदू आवाज-उजेडासारख्या गोष्टींना सहज सरावत नाही. दहाव्यांदा वाजलेला हॉर्न इतरांना ऐकूही येत नाही, आपल्याला तो पहिल्याइतकाच लागतो. लोड एका मर्यादेपलीकडे गेला की चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चेतते, सीजीआरपीसारखी रसायनं मोकळी होतात आणि मेंदूभोवतीच्या आवरणांमधून ठणका उठतो. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत.

आता यातली मुख्य गोष्ट. ही मर्यादा रोज सारखी नसते. पाळीच्या आधीचे 2 दिवस आणि पाळीचे पहिले 3 दिवस इस्ट्रोजेन घसरल्याने ती अनेकींमध्ये खाली येते. म्हणजे एमसीबीच कमी ताकदीचा बसवलेला असतो. त्या दिवसांत साधी इस्त्रीही भारी पडते. शिवाय लोड त्याच दिवसाचा असेल असंही नाही. परवाच्या रात्रीचं जागरण आज हिशेबात येऊ शकतं.

तीन महिने डायरी, चांगल्या दिवसांचीही

वही साधी असू द्या, मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. रात्री दोन मिनिटांत लिहून होईल इतकंच लिहा: कधी झोपलात, कधी उठलात, जेवणं किती वाजता झाली, पहिला चहा कधी आणि एकूण किती, पाणी पुरेसं होतं का (लघवी गडद पिवळी असेल तर नव्हतं), उन्हात किती वेळ, पाळीचा कितवा दिवस, मनावर ताण किती, काही वेगळा वास, गोंगाट किंवा प्रवास. शेवटी डोकं दुखलं का आणि गोळी कोणती घेतली.

यात सगळ्यात जास्त टळणारी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे डोकं दुखलं नाही त्या दिवशीही लिहिणं. माझी पहिली डायरी मी फक्त दुखण्याच्या दिवशी लिहायचे. तीत तर्री-पोहे पुन्हा पुन्हा दिसायचे, म्हणून मी ते बंद केले. पुढच्या वर्षी रोज लिहायला लागले तेव्हा कळलं की तर्री-पोहे मी जवळजवळ दर रविवारी खाते, आणि बहुतेक रविवारी काहीही होत नाही. ज्या रविवारी दुखलं, त्या रविवारी आणखी काय होतं ते मग नीट पाहिलं. शनिवारी रात्री उशिरा झोपलेली. रविवारी सहाऐवजी साडेनऊला उठलेली. रोज साडेसहाला होणारा चहा दहाला. म्हणजे शरीराला नेमक्या वेळी मिळणारं कॅफिन साडेतीन तास उशिरा, रात्रीपासून पोट रिकामं, झोपेची वेळ सरकलेली, आणि आठवड्याचा ताण एकदम उतरलेला. ताण चढताना डोकं दुखतं हे सगळ्यांना माहीत असतं, तो उतरतानाही दुखतं हे फार कमी जणांना माहीत असतं. चार गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि दोष मात्र समोरच्या प्लेटला मिळाला. आता रविवारी मी सातला उठते, चहा आणि दोन बिस्किटं घेते, वाटलं तर पुन्हा लवंडते. तर्री-पोहे परत सुरू आहेत.

कारण कोणतं आणि चाहूल कोणती, हे वेगळं करा

झटक्याच्या काही तास आधी, कधी दोन दिवस आधीपासून, शरीर सूचना देत असतं. एकामागून एक जांभया, मान आखडणं, विनाकारण चिडचिड, वारंवार लघवीला जाणं, गोड खाण्याची तीव्र इच्छा. हा झटक्याचाच पहिला टप्पा असतो. मी दोन वर्षं संत्रा बर्फी वर्ज्य केली होती, कारण बर्फी खाल्ली की संध्याकाळी डोकं धरायचं. डायरीत पाहिलं तर त्या प्रत्येक दिवशी बर्फीच्या आधीच जांभया लिहिलेल्या होत्या. झटका निघालेला होता आणि त्यानेच मला गोडाकडे ढकललं होतं. चॉकलेटवर येणाऱ्या आरोपांपैकी बरेचसे असेच असतात. मान दुखली म्हणून मायग्रेन झालं, असं म्हणणाऱ्यांनीही हा क्रम एकदा तपासून पाहावा.

म्हणून खाण्यापिण्याची लांबलचक यादी करून सगळं एकदम सोडू नका. एखाद्या पदार्थावर खरोखर संशय असेल तर तो एकच चार आठवडे थांबवा, बाकी सगळं तसंच ठेवा, मग परत खाऊन पाहा. माझ्या अनुभवात काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं, हे कितीतरी पटीने महत्त्वाचं ठरलं.

दोन रकाने करा

तीन महिन्यांनी डायरीतून दोन रकाने काढा. एकीकडे ज्यांच्यावर आपला इलाज नाही ते: पाळी, हवामान, नवतपा, परीक्षेची किंवा मार्चअखेरीची धावपळ. दुसरीकडे आपल्या हातातलं: झोपेची वेळ, जेवणाची वेळ, पाणी, चहाची वेळ, डोळ्यांवरचं ऊन, वास.

मग नियम सोपा आहे. पहिल्या रकान्यातलं काही आलं की त्या दिवशी दुसऱ्या रकान्यातलं काहीही निसटू द्यायचं नाही. नवतपा म्हणजे रोहिणी नक्षत्रात सूर्य गेल्यावरचे नऊ दिवस. तेव्हा, साधारण 25 मेपासून, पारा 45 च्या आसपास असतो. ते आपण बदलू शकत नाही. पण त्याच दिवसांत संकष्टीचा कडक उपास, चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं आणि दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदी, हे तिन्ही एकत्र करायचं की नाही हे आपल्या हातात आहे. मी उन्हाळ्यातल्या चतुर्थीला दर तीन तासांनी काहीतरी खाते. देवाने आजवर तक्रार केलेली नाही आणि डोक्यानेही नाही.

जड दिवसाची आखणी: एक खरा दिवस

मागच्या मे महिन्यात भाचीचं लग्न होतं, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, दुपारचा मुहूर्त. पाळीचा दुसरा दिवस, ऊन आणि डीजे, हे तिन्ही न हलणारे लोड आधीच लागलेले. म्हणून आदल्या रात्री हळदीतून अकरालाच निघाले. सकाळी नेहमीच्या वेळी चहा, साडेआठला पोटभर नाश्ता. पर्समध्ये फुटाणे, एक केळं आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. बाहेर डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल. हॉलमध्ये गेल्यावर मात्र गॉगल काढला, कारण घरातही काळा चष्मा लावून बसलं की डोळे उजेडाला आणखीच हळवे होत जातात. बसायची जागा स्पीकरपासून लांब निवडली. आणि एक वाजता जेवून घेतलं.

वहिनी म्हणाली, “काहून गं, व्याह्यांच्या आधीच जेवून राहिली?” तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. घरच्यांची पंगत साडेतीनला बसली, तोवर मी थांबले असते तर संध्याकाळ खाटेवर गेली असती. त्या दिवशी डोकं जड झालं, पण झटका आला नाही. याच्यापेक्षा नीट आखलेल्या दुसऱ्या एका दिवशी तो आला. आखणीने झटके कमी होतात, संपत नाहीत. आला तर स्वतःला दोष देऊ नका आणि घरच्यांनाही देऊ देऊ नका.

तरीही झटका आलाच तर

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी दुखणं सौम्य असतानाच घ्यायची. सहन करत बसलं की पोटाचं काम मंदावतं आणि गोळी नीट लागू पडत नाही. उन्हाळ्यात एक काळजी हवी: शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकांचा मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून आधी पाणी किंवा पन्हं घ्या. ट्रिप्टान गटातली, खास मायग्रेनसाठीची औषधं हृदयविकार असलेल्यांना चालत नाहीत, ती शेजारणीकडून मागून घेऊ नका.

गोळीचे दिवस डायरीत मोजाच. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र (एकीतच अनेक औषधं असलेल्या) गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी कायम ठेवू लागते. मेडिकल स्टोअरमधून न विचारता आणलेली पट्टी इथेच घात करते.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

महिन्यात 4 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची नावं. यांच्यामुळे मर्यादाच वर जाते, तोच लोड पेलला जातो. गुण कळायला दोन-तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. टोपिरामेटने काहींना घाम कमी येतो, आणि घाम न येणं ही नागपूरच्या मे महिन्यात साधी गोष्ट नाही, म्हणून ते चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात न्यूरॉलॉजी (मेंदूविकार) विभाग आहे. खासगी तज्ज्ञाची फी परवडत नाही म्हणून थांबायची गरज नाही.

तिथे गर्दी असते आणि आपल्याला मिळणारा वेळ थोडा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात चार ओळी लिहून न्या: गेल्या तीन महिन्यांत किती दिवस दुखलं, त्यातले किती दिवस अंथरुणावर गेले, किती दिवस गोळी घेतली, आणि कोणत्या दोन-तीन गोष्टी जोडीने आल्या की हमखास दुखलं. माझ्या पानावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं: पाळी, उशिराचं जेवण, ऊन. डॉक्टरांनी ते वाचलं, ऊन या शब्दाखाली रेघ मारली आणि औषध मार्चमध्येच सुरू करू या म्हणाले.