नेरुळ-बेलापूरच्या हॉस्टेलवर येताना

प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात आणि नवी मुंबईत हॉस्टेलवर सामान हलवायची वेळ बहुतेकांवर भर पावसात येते. काय आणायचं आणि काय घरी ठेवायचं, ते या ओलीवरून ठरवा.

आधी कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड, अलॉटमेंट लेटर, डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर. नॉन-क्रीमीलेयर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं आहे ना, हे घरीच वाचून घ्या. जुनं निघालं तर खिडकीवरून परत यावं लागतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, म्हणून आधीच त्याच्या ५ झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढा. सोबत १० पासपोर्ट फोटो. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर नंतर शिक्का मारता येत नाही. सगळं चेनच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, आणि फोल्डर ट्रॉलीत नको, पाठीवरच्या सॅकमध्ये.

एक गोष्ट हटकून राहते. आधारला जोडलेला नंबर बाबांचा असतो, बाबा शेतात किंवा ड्यूटीवर, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. निघण्याआधीच आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा बँकेतही तेवढं विचारून या.

कपडे कमीच. जाड जीन्स खोलीत पंख्याखाली दोन दिवस लटकूनही कमरेशी आणि खिशांशी ओलीच राहते, मग कुबट वास मारते. एक जीन्स आणि लवकर वाळणाऱ्या तीन पँटी पुरतात. आतले कपडे आणि मोजे मात्र ८-१० जोड आणा. टर्किश टॉवेलऐवजी दोन पंचे, ५ मीटर नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे. चामड्याचे बूट नि पट्टा दिवाळीनंतर आणा, आत्ता त्यांवर बुरशी धरते. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, ओल शोषत नाहीत. कॅमेरा किंवा कॅल्क्युलेटरच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

गादी घरून लादून आणू नका. कॉट बहुधा ६ बाय ३ फूट असते, पण अडीच फुटीही निघते; मोजा आणि मग घ्या. कापसाची गादी ओल धरते आणि ऑक्टोबरपर्यंत तिला धड ऊन मिळत नाही, म्हणून ४ इंची फोम बरा. मच्छरदाणी उभी राहणारी, घडीची घ्या, कारण भिंतीत खिळे ठोकू देत नाहीत. बादली, मग, हँगर इथेच मिळतात.

विजेच्या वस्तूंबाबत हॉस्टेलचे नियम आधी विचारा. पाणी तापवायचा रॉड जवळपास सगळीकडे बंद. किटलीला परवानगी असली तरी १५०० वॅटची किटली साडेसहा अँपियर ओढते, आणि कॉटजवळचा छोटा सॉकेट असतो ६ अँपियरचा. एक्स्टेंशन बोर्डवर लावली की पिन तापते, प्लास्टिक वितळतं. कमी वॅटची घ्या; बोर्डवर फक्त लॅपटॉप आणि चार्जर.

कुलपं दोन, पितळी. लोखंडी इथल्या हवेत गंजून अडकतं. कपाटाच्या कडीचं भोक बारीक असतं, तेव्हा त्यासाठीचं कुलूप बारीक दांडीचं हवं.

औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएसची ५ पाकिटं (मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही), थर्मामीटर आणि जांघेतल्या खाजेसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेली पावडर. लाजू नका, पावसाळ्यात ती लागतेच.

मेल गाडीने ठाण्याला उतरलात तर नेरुळ-बेलापूरवरून जाणारी पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल ९ आणि १० नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते. सकाळी ८ ते ११ सामानासकट चढायच्या भानगडीत पडू नका.

खाऊत चकल्या नकोत, चार दिवसांत मऊ पडतात. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट टिकतं. लोणचं पाव किलोच, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून, आणि बरणी कपड्यांच्या बॅगेत अजिबात नको.