शाळेची बास्केटबॉल टीम पहिल्यांदाच हातात आलीये? मग हे वाचा

पहिल्या वर्षी टीम हरली तर खचू नका, हे आधीच सांगून टाकतो. जॉन वुडन, अमेरिकेतले बास्केटबॉल कोच, ज्यांनी पुढे यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटीला 12 वर्षांत 10 एनसीएए टायटल्स (अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) मिळवून दिली, ते 1932 मध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीतून बाहेर पडून केंटकीतल्या डेटन हायस्कूलमध्ये शिकवायला आणि कोचिंगला लागले तेव्हा पहिल्याच सीझनला 6 मॅच जिंकले आणि 11 हरले, आणि हे स्वतः तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत, निवडले गेलेले प्लेयर होते बरं का. स्वतःला खेळता येणं वेगळं आणि समोरच्या चौदा वर्षांच्या पोराला ते जमवून देणं वेगळं. मग 1934 ला ते इंडियानात साऊथ बेंड सेंट्रलला गेले, नेव्हीत जाईपर्यंत तिथेच होते, आणि हायस्कूलच्या 11 वर्षांचा हिशोब शेवटी 218 जिंकल्या, 42 हरल्या असा झाला. मला तर यूसीएलएच्या टायटल्सपेक्षा हीच वर्षं जास्त शिकवतात, कारण आपल्यासारखंच शाळेत तास घ्यायचे आणि मग ग्राउंडवर पळायचं.

तर सुरुवात कुठून करायची? मोज्यांपासून. खरंच सांगतोय. वुडन सीझनच्या पहिल्या दिवशी मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवायचे, कॉलेजच्या मोठमोठ्या स्टार पोरांनासुद्धा. मोजा वर ओढायचा, करंगळीपाशी आणि टाचेपाशी हात फिरवून एकही सुरकुती राहिली नाही ना बघायचं, मग बूट घालून लेस खालपासून एकेका भोकातून आवळत वर यायचं आणि डबल गाठ मारायची. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की पोरगं लंगडतं, आणि दोन दिवसांची प्रॅक्टिस गेली. आमचं कोर्ट सिमेंटचं आहे, उन्हात तापतं, तिथे तर हे दुप्पट लागू. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि झोनलच्या आदल्या दिवशी माझा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा पोरगा, टाच धरून बसला होता, तो चेहरा अजून आठवतो.

दुसरं म्हणजे प्रॅक्टिस कागदावर. वुडन तीन बाय पाच इंचाच्या कार्डावर मिनिटांनुसार ड्रिल्स लिहून खिशात ठेवायचे. तुम्हीही तेच करा: 5 मिनिटं पिव्हट (एक पाय जागेवर रोवून वळणं), 10 मिनिटं पासिंग, मध्ये दम खायला म्हणून फ्री थ्रो, मग ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून बास्केट करणं), शेवटी मॅच. वेळ संपली की ड्रिल बदलायचं, जमलं नसलं तरी, उद्या परत घ्यायचं. बॉल तीनच असतील तर लाइन लावून पंधरा पोरं उभी करू नका, बाकीच्यांना बॉलशिवाय डिफेन्सचे पाय शिकवा, त्याला बॉल लागतच नाही.

आता बोलायचं कसं, हे सगळ्यात महत्त्वाचं. 1974-75 च्या सीझनला थार्प आणि गॅलिमोर या दोन संशोधकांनी वुडनच्या 15 प्रॅक्टिस बसून बघितल्या आणि ते काय काय बोलतात ते नोंदवलं. 2,326 नोंदी झाल्या, त्यातल्या साधारण 75 टक्के नोंदींत काय करायचं, कसं करायचं ही माहिती होती. नुसतं 'शाब्बास' किंवा नुसता ओरडा फारच कमी. चूक झाली की ते स्वतः बरोबर करून दाखवायचे, मग पोराने केलं तसं चुकीचं, मग परत बरोबर, सगळं काही सेकंदांत, की खेळ पुढे सुरू. म्हणजे 'अरे लक्ष कुठंय तुझं' म्हणून काही होत नाही, 'कोपर आत घे, गुडघ्यात वाक' म्हटलं की पोराला कळतं.

आणि टीम निवडलीत की ती पूर्ण टीम तुमची, बेंचवरचा शेवटचा पोरगासुद्धा. 1946 ला वुडन इंडियाना स्टेट या कॉलेजला आले. 1947 ला टीमला एनएआयबी या कॉलेजांच्या टूर्नामेंटचं बोलावणं आलं, पण तिथे काळ्या खेळाडूंना बंदी होती आणि टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, तर वुडननी बोलावणंच नाकारलं. वॉकर काही स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पाचांतला, नव्हता, तरी. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर खेळला आणि टीम फायनलला गेली. आपल्याकडे फीचा, गाडीभाड्याचा, कुणाच्या तरी ओळखीचा प्रश्न आला की सगळ्यात आधी बेंचवरचंच पोरगं गळतं, तेव्हा मला हे आठवतं.

सोयी नाहीत म्हणून थांबू नका. यूसीएलएला 1948 ला गेल्यावर जुन्या जिममध्ये प्रॅक्टिसआधी वुडन स्वतः फरशी पुसायचे, आणि पहिलं टायटल आलं 1964 ला. तर उद्या जाताना कार्ड भरून खिशात टाका, कोर्टवरचे खडे झाडायला एक झाडू न्या आणि बॅगेत मोज्यांचे दोन जास्तीचे जोड ठेवा, कुणीतरी एक जण बिनमोज्याचा येतोच.