वाटण्यासाठी भाजायच्या मसाल्याच्या कुकीज

नाताळ असो वा दुसरा कोणता सण, सुट्टीच्या दिवसांत भाजलेल्या मसाल्याच्या कुकीजपैकी फारच थोड्या घरात राहतात. बाकीच्या डब्यांत भरून शेजारी, नातलग आणि मित्रमंडळींकडे जातात. म्हणून त्या ओव्हनमधून निघताना कशा लागतात यापेक्षा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणी डबा उघडेल तेव्हा कशा लागतील, हे डोळ्यांसमोर ठेवून सगळी कृती ठरवावी. सुदैवाने या कुकीजना थांबणे मानवते. ताज्या कुकीत लवंग आणि सुंठ वेगवेगळ्या जाणवतात, पण दोन दिवस झाकून ठेवल्यावर मसाले मुरतात आणि चव एकजीव होते. तेव्हा वाटण्याच्या दिवसापासून उलटे मोजावे: चार दिवस आधी पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवस आधी भाजावे.

पाच सेंटिमीटर व्यासाच्या साधारण साठ कुकीजसाठी ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, १२५ ग्रॅम ब्राऊन शुगर, ७५ ग्रॅम मोलॅसिस म्हणजे उसाची दाट, काळपट काकवी, दोन मोठे चमचे पाणी, पाऊण छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि पाव छोटा चमचा मीठ घ्यावे. मसाल्यांत दोन छोटे चमचे दालचिनीपूड, दोन छोटे चमचे सुंठपूड, अर्धा छोटा चमचा लवंगपूड आणि पाव छोटा चमचा किसलेले जायफळ. आवडत असल्यास चिमूटभर मिरपूड घालावी. तिने सुंठेचा तिखटपणा जरा लांबतो. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ मिलिलिटरचा. मैदा, लोणी आणि साखर मात्र वजनकाट्यावरच मोजावी, कारण वाटी दाबून भरली की हलक्या हाताने भरली, यावर मैद्याचे वजन बरेच बदलते आणि तेवढ्यानेच पीठ कोरडे पडते. या कृतीत अंडे मुद्दाम घातलेले नाही. त्याची गरज पडत नाही, आणि अंडे न खाणाऱ्यांनाही हा डबा निःशंकपणे देता येतो.

चवीचा खरा निकाल मसाल्यांवर लागतो, म्हणून इथे घाई करू नये. वर्षभर उघड्या राहिलेल्या पुडीतील दालचिनीचा रंग शाबूत असतो, पण सुगंध उडालेला असतो. चिमूटभर पूड तळहातावर चोळून हुंगावी. वास लगेच जाणवला नाही, तर ती वापरू नये. शक्य असेल तर लवंग आणि जायफळ त्याच दिवशी कुटावे किंवा किसावे. मसाल्यांतील सुगंधी तेले पाण्यापेक्षा स्निग्धात चांगली विरघळतात, त्यामुळे पूड कोरड्या मैद्यात मिसळण्याऐवजी कोमट लोण्यात घालणे फायद्याचे ठरते. लहान पातेल्यात लोणी, साखर, काकवी आणि पाणी मंद आचेवर ठेवावे, लोणी वितळले की आच बंद करावी आणि मग मसाले घालून ढवळावे. काही क्षणांतच मिश्रणाचा रंग गडद होतो, कडेला बारीक फेस दिसतो आणि लवंगेचा वास स्वयंपाकघरभर पसरतो. लवंगेचे प्रमाण मात्र वाढवू नये. तिच्यातील युजेनॉल या सुगंधी तेलामुळे जीभ बधिर होते, आणि जास्त झालेली लवंग मुरल्यावर कमी न होता अधिकच उठून दिसते.

मिश्रण हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. मैदा, सोडा आणि मीठ एकत्र चाळून त्यात घालावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होईल एवढेच कालवावे. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये, कारण जास्त मळल्याने ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे गव्हातील प्रथिनांचे जाळे, तयार होऊन कुकी खुसखुशीत होण्याऐवजी चिवट होते. हे पीठ सुरुवातीला इतके सैल आणि चिकट असते की आणखी मैदा घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. पिठाचे दोन चपटे गोळे करून, झाकून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की लोणी घट्ट होते, मैदा ओलावा शोषून घेतो आणि सकाळी तेच पीठ लाटण्याजोगे झालेले असते.

दुसऱ्या दिवशी एकेक गोळा बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. लाटताना कडा फाटू लागल्या, तर पीठ अजून फार गार आहे असे समजावे. लाटण्याला चिकटू लागले, तर ते फार सैलावले आहे. दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटल्यास वरून मैदा लावावा लागत नाही. जाडी ४ मिलिमीटर ठेवावी आणि ती सगळीकडे सारखी असावी, कारण एकाच ट्रेमध्ये पातळ कुकीज करपतात तेव्हा जाड कुकीज मध्ये कच्च्याच असतात. साचा साधा, गोल किंवा चौकोनी घ्यावा. बारीक टोकांचे तारे दिसायला सुरेख असले, तरी डब्यात त्यांची टोके मोडतात.

ओव्हन १७५ अंश सेल्सियसला नीट तापवून एकेक ट्रे ९ ते ११ मिनिटे भाजावा. पहिल्या खेपेला दोनच कुकीज भाजून पाहाव्यात, कारण प्रत्येक ओव्हनची आच निराळी असते. काकवीमुळे पीठ मुळातच तपकिरी असते, म्हणून केवळ रंगावर विसंबता येत नाही: कडा मधल्या भागापेक्षा एक छटा गडद झाल्या आणि मध्यभागी बोट हलकेच टेकवल्यावर खळगा राहिला नाही, की ट्रे बाहेर काढावा. त्या वेळी कुकीज मऊच लागतात. पाच मिनिटे ट्रेवर ठेवून मग जाळीवर काढल्या, की गार होता होता त्या कडक होतात.

गार होणे याचा अर्थ अगदी पूर्ण गार होणे. एका वर्षी मी किंचित कोमट कुकीज डब्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या आत वाफेचे थेंब होते आणि दोन दिवसांची मेहनत मऊ पडून ताजेपणा हरवून बसली होती. तेव्हापासून मी तासभर तरी थांबते आणि डब्याच्या तळाशी व प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालते. कुरकुरीत आणि मऊ कुकीज एकाच डब्यात ठेवू नयेत. मऊ कुकीतील ओलावा कुरकुरीत कुकीत उतरतो. वर साखरेचे आयसिंग हवे असेल, तर कच्च्या अंड्याचा पांढरा भाग न वापरता पिठीसाखर आणि लिंबाचा रस पुरेसा आहे, फक्त ते रात्रभर उघड्यावर वाळू द्यावे.

डब्यावर भाजल्याची तारीख आणि सगळे घटक लिहिलेली चिठ्ठी जरूर लावावी. गहू आणि दूध यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ती चिठ्ठी महत्त्वाची आहे, आणि त्याच लाटण्याने किंवा ट्रेवर सुकामेव्याचे काही केले असेल, तर तेही लिहावे. काकवीऐवजी मध वापरला असल्यास एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, असे स्पष्ट नमूद करावे. घट्ट झाकणाच्या डब्यात या कुकीज दोन आठवडे चांगल्या राहतात. मध्येच नरम पडल्या, तर १५० अंशांवर चार-पाच मिनिटे ठेवून पुन्हा पूर्ण गार कराव्यात, हेही चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावे.