घरी योग शिकण्यासाठी पुस्तक आणि व्हिडिओ कसे निवडावेत

घरच्या घरी योगासने शिकायची तर पुस्तक आणि व्हिडिओ दोन्ही लागतात, पण दोघांची कामे वेगळी. आसनात काय करायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणी ते करूच नये, हे पुस्तकात सावकाश वाचता येते. शरीर कसे वळते ते व्हिडिओत दिसते. म्हणून आधी पुस्तक ठरवा, मग त्याच पद्धतीचा व्हिडिओ शोधा. दोन पद्धती एकत्र केल्या की सूर्यनमस्काराच्या श्वासापासूनच गोंधळ सुरू होतो.

पुस्तक विकत घेण्याआधी हाताळून पाहा. पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात योगावरची जेवढी पुस्तके मिळतील तेवढी समोर घ्या आणि प्रत्येकात एकच आसन उघडा: भुजंगासन, म्हणजे पालथे झोपून छाती वर उचलण्याचे आसन. पूर्वस्थिती, आसनात जाण्याचा क्रम, श्वास, अंतिम स्थिती, थांबण्याची वेळ, आसन सोडण्याची रीत आणि कोणी टाळावे, या सात गोष्टी आहेत का ते तपासा. आसन सोडण्याची रीत बऱ्याचदा गाळलेली असते, आणि नवशिक्याची कंबर तिथेच दुखावते. भुजंगासनातून उतरताना आधी पोट टेकते, मग छाती, शेवटी कपाळ. हे न सांगता फक्त 'पूर्वस्थितीत या' असे लिहिले असेल, तर वाचणारा धपकन खाली येतो. फायद्यांची यादी पानभर आणि वर्ज्य कोणाला याची एक ओळही नाही, असे पुस्तक सरळ परत ठेवा.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे १९६६ साली इंग्रजीत आलेले पुस्तक मराठीत 'योगदीपिका' या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक आसनापुढे १ ते ६० पर्यंतचा काठिण्याचा आकडा आहे. छायाचित्रे पाहून आसन निवडू नका, आकडा पाहून निवडा आणि सुरुवातीला लहान आकड्यांपाशीच राहा. फोटोतली स्थिती कित्येक वर्षांच्या सरावाची आहे. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी तयार केलेला ४५ मिनिटांचा अभ्यासक्रम जास्त सोयीचा. त्याची पुस्तिका आणि व्हिडिओ एकाच क्रमाचे असून दोन्ही मोफत मिळतात.

व्हिडिओ निवडताना पहिल्यांदा तो नुसता बसून पाहा, सोबत करू नका. पुन्हा भुजंगासनच शोधा. कॅमेरा बाजूने आहे का? कोपर अंगालगत, खांदे कानांपासून दूर आणि नाभीपासून खालचा भाग जमिनीला टेकलेला, हे तिघेही दिसायला हवेत. हात ताठ करून ओटीपोट उचललेले दिसले तर सगळा ताण कमरेवर जातो, तो व्हिडिओ नवशिक्यासाठी नाही. उत्तर गोव्यात हरमल, मांद्रेच्या किनाऱ्यावर चित्रित केलेले व्हिडिओ डोळ्यांना सुखावतात, पण वाळूत टाच रुतते, तळवा खाली दबतो आणि पाऊल नेमके कुठे ठेवले हेच कळत नाही. शिकण्यासाठी सपाट लादीवरचा, पूर्ण शरीर दाखवणारा साधा व्हिडिओ बरा.

डावे-उजवेही तपासा. शिक्षक तोंडाने 'उजवा पाय' म्हणतात आणि पडद्यावर तो तुमच्या डाव्या बाजूला दिसतो. काही जण आरशासारखे उलट करून दाखवतात. कोणती रीत आहे ते आधीच ठरवून घ्या, म्हणजे मध्येच थांबावे लागत नाही.

करताना मात्र फोनकडे मान वळवू नका, विशेषतः वक्रासनात (बसून पाठ पिळण्याचे आसन) आणि पाय वर नेणाऱ्या आसनांत. दोनदा पाहून झाले की फोन पालथा ठेवा आणि फक्त आवाज ऐका. ज्या व्हिडिओच्या नुसत्या आवाजावर आसन करता येते, त्यातल्या सूचना चांगल्या आहेत असे समजा. पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, त्यामुळे रोजचा व्हिडिओ उतरवून ठेवा. पुस्तकही जूनपासून बंद कपाटात ठेवू नका, पानांना बुरशी धरते.

सर्वांगासन आणि शीर्षासन पुस्तक-व्हिडिओवरून शिकू नका. दोन्हीत मानेवर भार येतो आणि तो चुकला तर सांगणारे कोणी समोर नसते. उच्च रक्तदाब, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग शिक्षकांसमोर सुरुवात करा.