गेमिंग लॅपटॉप घेताय? नुसतं कार्डाचं नाव वाचून थांबू नका

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये दोन लॅपटॉप शेजारी दिसतात. दोन्हींवर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाचा स्टिकर, दोन्हींत १६ जीबी रॅम, किमतीत मात्र बऱ्यापैकी फरक. साहजिकच स्वस्तातला उचलला जातो. घरी आल्यावर तोच गेम, तीच सेटिंग्ज, पण मित्राच्या मशीनवर दिसतात तेवढे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) काही येत नाहीत. मग ड्रायव्हर पुन्हा टाका, विंडोज फॉरमॅट करा, असं सुरू होतं. पण कार्डालाच वीज कमी मिळत असेल, तर कितीही फॉरमॅट मारून उपयोग नाही.

वॉट न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लॅपटॉपमधल्या ४०६०ला एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॉट अशी मोकळीक ठेवली आहे. आपल्या मशीनमधून किती उष्णता बाहेर काढता येईल ते पाहून लॅपटॉप बनवणारी कंपनी त्यातला आकडा ठरवते. या आकड्याला टीजीपी म्हणतात. पातळ, हलक्या लॅपटॉपमधलं ६५ वॉटचं ४०६० आणि जाडजूड मशीनमधलं पूर्ण वॉटचं ४०६० यांची चिप एकच असते, पण जड गेममध्ये फरक सरळ डोळ्यांना दिसतो. इतका, की कमी वॉटचं ४०७० पूर्ण वॉटच्या ४०६०च्या मागे पडू शकतं. जास्तीचे पैसे मोजून कमी वेग!

पूर्वी अशा कमी वॉटच्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ लागायचं, त्यावरून अंदाज यायचा. २०२१मध्ये ३० सीरिज आली आणि ती खूण नावातून गेली. आता आकडा कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनच्या यादीत शोधावा लागतो. तिथे १४० वॉट लिहिलं असेल, तर त्यात डायनॅमिक बूस्टचे वॉट धरलेले असतात. प्रोसेसरवर ताण कमी असेल तेव्हाच ते कार्डाकडे वळतात.

दुकानात डेमो मशीन चालू असेल तर विचारत बसू नका, स्वतः बघा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, सिस्टिम इन्फर्मेशनवर क्लिक करा. तिथे ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’समोर आकडा असतो. मिनिटभराचं काम आहे, आणि चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

डेस्कटॉपचे व्हिडिओ पाहून लॅपटॉप घेणं

डेस्कटॉपच्या ४०७०ला १२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि ५,८८८ कोअर आहेत. लॅपटॉपच्या ४०७०ला ८ जीबी आणि ४,६०८. नाव सारखं, कार्ड वेगळं. यूट्यूबवर बेंचमार्क बघताना ‘लॅपटॉप जीपीयू’ असं लिहिलेलं आहे ना, ते आधी बघा. शक्य असेल तर तुम्ही घेणार तेच मॉडेल शोधा.

स्क्रीन आणि व्हीरॅमचा मेळ न घालणं

लॅपटॉपचं ४०५० येतं ६ जीबीचं. फुल एचडीवर ते मजेत चालतं. तेच कार्ड २५६० बाय १६००च्या स्क्रीनमागे बसवलं की प्रत्येक फ्रेमला जवळपास दुप्पट पिक्सेल रंगवावे लागतात. व्हीरॅम भरली की सरासरी एफपीएस बरे दिसले तरी गेम मध्येच अडकतो, भिंतींचं टेक्श्चर धुरकट राहतं. तेव्हा आधी टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंग्जना मग हात लावा. रॅम बऱ्याच मशीनमध्ये पुढे वाढवता येते, एसएसडी बदलता येतो, पण कार्ड आणि त्याची व्हीरॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बजेट ताणायचंच असेल तर ते ८ जीबीच्या आणि पुरेशा वॉटच्या कार्डासाठी ताणा. आरजीबी कीबोर्ड आणि झाकणावरचे दिवे नंतर.

घेतल्यावर एफपीएस कमी येत असतील तर

आधी चार्जर बघा. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण वेग देतच नाही. ६५ किंवा १०० वॉटच्या टाइप-सी चार्जरवर बॅटरी भरेल, पण खेळताना कार्डाला पुरेशी वीज मिळणार नाही. बॉक्समधलाच जड चार्जर लावा आणि कंपनीच्या ॲपमध्ये परफॉर्मन्स मोड चालू करा.

मग टास्क मॅनेजर उघडा. गेम चालू असताना इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सवर ताण दिसतोय आणि एनव्हिडिया कार्ड निवांत बसलंय, तर गेम चुकीच्या कार्डावर चाललाय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर तोही चालू करून पाहा. त्यामुळे चित्र अंगभूत ग्राफिक्सच्या वळणाने न जाता थेट स्क्रीनवर येतं.

रॅमचाही एक तपास करा. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर सिंगल चॅनेलमुळे प्रोसेसर मागे पडतो. ८-८च्या दोन पट्ट्या त्यापेक्षा बऱ्या.

आणि गादीवर ठेवून खेळू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. विदर्भातल्या मे महिन्यात तर खोलीच इतकी तापलेली असते की कार्ड लवकर मर्यादेला टेकतं आणि स्वतःच वेग कमी करतं. टेबलावर ठेवून मागची बाजू थोडी उचला, फ्रेम रेट ६० किंवा ९०वर बांधून घ्या. हे सगळं करूनही आकडा हलत नसेल, तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत कंट्रोल पॅनेलमधल्या वॉटचा स्क्रीनशॉट घेऊन विक्रेत्याला पाठवा.